सेकंदाचा पाचवा भाग

पवईच्या आयआयटीत २०१० नंतरच्या दशकात एक अवाढव्य वर्ग भरत असे. शिकवणारे प्राध्यापक पवईत, कॅमेऱ्यासमोर. आणि शिकणारे देशभरातल्या शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आपापल्या गावच्या प्रयोगशाळेत बसलेले. हे शिकणारे स्वतःच शिक्षक होते. देशात अभियांत्रिकी महाविद्यालयं भराभर निघाली होती, पण शिकवणाऱ्यांची तयारी त्या वेगानं झाली नव्हती. इतक्या शिक्षकांना दोन-दोन आठवडे मुंबईत आणून ठेवणं कुठल्याच वसतिगृहाला झेपलं नसतं. तेव्हा प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गच त्यांच्याकडे पाठवायचं ठरवलं. ‘टीच टेन थाउजंड टीचर्स’ हे उपक्रमाचं नाव. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाचा निधी, आयआयटी खरगपूरची साथ, आणि अमृता विश्वविद्यापीठात तयार झालेली ‘ए-व्ह्यू’ ही दूरसभेची प्रणाली.

प्रत्येक केंद्रावर एक समन्वयक असे. तो त्याच महाविद्यालयातला शिक्षक. मुख्य कार्यशाळेच्या आधी या समन्वयकांना पवईत बोलावून तयार केलं जाई. मग कार्यशाळेच्या दिवसांत पवईहून व्याख्यान, आणि केंद्रावर समन्वयकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष सराव. प्रश्न विचारायचा तर केंद्रानं पडद्यावर ‘हात वर’ करायचा. पवईतून एका केंद्राला बोलायची पाळी मिळे, आणि त्याचं चित्र नि आवाज बाकी सगळ्या केंद्रांत जाई.

एका वेळी एकच केंद्र. समोरासमोरच्या वर्गात असा नियम करावा लागत नाही. वीस जण बसलेले असले तरी कोण आता बोलणार हे बघता बघता ठरतं. मग पडद्यावरच्या सभेला हात वर करण्याची, पाळी देणाऱ्या माणसाची गरज का पडते? या एका प्रश्नाचा माग काढला की दूरसभेचं बहुतेक तंत्रज्ञान आपोआप उलगडतं.

२००९ मध्ये तानिया स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी त्या दहांत नव्हती, पण जपानी, कोरियन, इटालियनपासून अगदी लहान जमातींच्या भाषांपर्यंत वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा त्यात होत्या. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात सुरू होतं, असं दिसलं. भाषेभाषेत थोडं कमीजास्त, पण कुठलीच भाषा फार लांब गेली नाही. आता गंमत पाहा. एखादा शब्द उच्चारायची तयारी करायलाच मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ असा, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण त्याचा शेवट ओळखलेला असतो आणि उत्तर ओठांवर आणून ठेवलेलं असतं. माणसांचं बोलणं इतक्या बारीक वेळेवर चालतं, आणि तेही कुणी न शिकवता.

दूरसभेत नेमका हाच पाचवा भाग हातातून निसटतो. समजा आवाज इकडून तिकडे पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. मी प्रश्न विचारून थांबतो. माझा शेवटचा शब्द तुम्हाला ३०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो, तुम्ही नेहमीच्या सवयीनं २०० मिलिसेकंदांत उत्तर सुरू करता, आणि ते माझ्याकडे यायला आणखी ३००. माझ्या कानाला मध्ये जवळजवळ एक सेकंद शांतता वाटते. माझ्या अंगवळणी पडलेल्या हिशोबात एवढी शांतता म्हणजे समोरचा अडखळला, किंवा त्याला पटलेलं नाही. मी पुन्हा बोलायला लागतो आणि नेमकं तेव्हाच तुमचं उत्तर येऊन धडकतं. दोघं थांबतो, दोघं पुन्हा एकदम सुरू करतो. मग ‘बोला, तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुमचं होऊ द्या’. या गोंधळात कुणाचीच चूक नसते.

तरी दोष माणसालाच लागतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की लाइनवर उशीर वाढला की ऐकणाऱ्याला समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी उत्साही वाटायला लागतो. उशीर लाइनचा आहे हे मनात येतच नाही. मला ही बाब फार गंभीर वाटते. पालघरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या मुलीची नोकरीची मुलाखत अंधेरीतल्या कार्यालयातून पडद्यावर घेतली जाते तेव्हा तिच्या उत्तराआधीची शांतता तिची नसते, नेटवर्कची असते. घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलं नाही तर तो टॉवरच्या कमजोर सिग्नलला गुण देत असतो आणि ते तिच्या नावावर मांडत असतो.

हा उशीर येतो कुठून? जुन्या पिढीला तो चांगला ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूस्थानक सुरू झालं आणि परदेशचे फोन उपग्रहावरून जाऊ लागले. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे सत्तर हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. प्रकाशाच्या वेगानंही त्याला पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना ‘ऐकू येतंय का?’ असं आई दर वाक्याला विचारायची त्यामागे हे सत्तर हजार किलोमीटर होते. आयआयटीची व्याख्यानंही एके काळी २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहावरून जात. एकतर्फी व्याख्यानाला पाव सेकंदाचा उशीर जाणवत नाही. सगळ्यांनाच ते सारखं उशिरा ऐकू येतं. शंका विचारायची वेळ आली की तो जाणवतो. नुसतं प्रक्षेपण आणि खरी सभा यांत हा मोठा भेद आहे.

आज बहुतेक बोलणं काचेच्या तंतूंतून जातं. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका दिशेला निदान २० मिलिसेकंद. न्यूयॉर्क बारा हजार किलोमीटरच्या पुढे, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. पण प्रवास हा उशिराचा एक भाग झाला. बाकीचा उशीर आपल्याच यंत्रांत तयार होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

आपला आवाज सलग जात नाही. फोन किंवा लॅपटॉप त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा आकड्यांत बदलून आवळतो आणि पाकीट करून पाठवतो. सेकंदाला अशी पन्नास पाकिटं. ती एकामागून एक निघतात, पण पोचताना मागेपुढे होतात, काही हरवतातही. सिनेमा बघताना पाकीट हरवलं तर यंत्र पुन्हा मागवतं, कारण घाई नसते. संभाषणात पुन्हा मागवण्यात अर्थ नाही. उशिरा आलेला आवाज सुटून गेलेल्या लोकलइतकाच निरुपयोगी. म्हणून सभेची प्रणाली हरवलेला तुकडा सोडून देते आणि आधीच्या आवाजावरून अंदाजानं ती फट बुजवते. अधूनमधून समोरच्याचा आवाज धातूच्या नळीतून आल्यासारखा वाटतो तो या बुजवण्यामुळे.

मागेपुढे होणाऱ्या पाकिटांसाठी ऐकणाऱ्याकडे एक छोटा साठा ठेवलेला असतो. आलेला तुकडा लगेच न वाजवता काही मिलिसेकंद थांबवायचा, मागचा आला की क्रमानं वाजवायचं. लाइन स्थिर असेल तर साठा लहान पुरतो. ती सारखी हेलकावत असेल तर साठा मोठा करावा लागतो, आणि साठा मोठा म्हणजे उशीर मोठा. अभियंत्यांची सगळी ओढाताण इथे आहे. आवाज तुटू द्यायचा की उशीर वाढू द्यायचा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि ४०० च्या पुढे तर जाऊच नये. तुकडे करणं, आवळणं, साठ्यात थांबणं, प्रवास आणि उलगडणं हे सारं त्या १५० मध्ये बसवायचं असतं.

चित्राचा हिशोब याहून थक्क करणारा आहे. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला ६६ कोटी बिटांहून जास्त भरतो. प्रत्यक्षात सभेत ते पंधरा-वीस लाख बिटांत भागतं. कारण आवळणारी आज्ञावली पूर्ण चित्र क्वचित पाठवते. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच कळवते. मागची भिंत, कपाट, खुर्ची एकदा पाठवली की झालं. म्हणून कॅमेऱ्याच्या टप्प्यात गरगर फिरणारा पंखा किंवा हलणारा पडदा असेल तर तोच निम्मी लाइन खातो, आणि आपला चेहरा चौकटी-चौकटींचा दिसायला लागतो. कॅमेरा जरा वळवून पंखा बाहेर ठेवा, चित्र सुधारतं.

आवाजाला मात्र फार थोडी जागा लागते. जुन्या टेलिफोनला सेकंदाला ६४ हजार बिट लागत; २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही पद्धत त्याच्या निम्म्यात टेलिफोनपेक्षा कितीतरी स्वच्छ आवाज देते. म्हणजे एका चेहऱ्याच्या जागेत पन्नासहून जास्त आवाज मावतात. तरीही लाइन अपुरी पडली की लोक चेहरा धरून ठेवतात आणि आवाज जाऊ देतात. हे उलट व्हायला हवं. चित्र गेलं तरी सभा चालते, आवाज गेला की सभा संपते. चांगल्या प्रणाली स्वतः हाच क्रम पाळतात. आधी आवाज, मग पडद्यावर मांडलेला कागद, मग चेहरे.

त्या कागदाचं गणितही वेगळं आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकारानं २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिड सुरू झालं. त्यातल्या रुग्णालयांचे डॉक्टर पडद्यावर एकत्र येऊन अवघड रुग्णांच्या उपचारांवर चर्चा करतात. शल्यविशारद एका शहरात, किरणोपचाराचे तज्ज्ञ दुसऱ्या, रोगनिदानाचे तिसऱ्या. तिथे स्कॅनची प्रतिमा सेकंदाला तीस वेळा बदलण्याची गरज नसते, पण तिचा एकेक ठिपका जसाच्या तसा दिसला पाहिजे. चेहऱ्याचं बरोबर उलटं: हालचाल सलग हवी, बारकावे थोडे गेले तरी चालतात. म्हणून एकाच सभेत आवाज, चेहरा, प्रतिमा आणि लिहिलेला मजकूर हे चार वेगवेगळ्या नियमांनी, वेगवेगळ्या निकडीनं प्रवास करत असतात.

आता एक गोष्ट जी कितीही वेगवान लाइन घेतली तरी साधत नाही. २०२० च्या गणेशोत्सवात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांनी पडद्यावर एकत्र आरती म्हणायचा प्रयत्न केला आणि टाळ्या काही केल्या जुळल्या नाहीत. लोकांनी इंटरनेट कंपनीला दोष दिला. पण एकत्र गाण्या-वाजवण्याला बोलण्यापेक्षाही काटेकोर वेळ लागतो. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की ताल ढासळायला लागतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात जेमतेम दहा मीटर जातो. म्हणजे ताल धरायचा तर दहा मीटरच्या आत उभं राहावं लागतं, आणि कुठलंही मंडळ तसंच उभं राहतं. १५० मिलिसेकंदांच्या हिशोबानं बांधलेली सभेची प्रणाली इथे पुरणारच नाही. अशा वेळी एकानं म्हणावं आणि बाकीच्यांनी आपला माईक बंद ठेवून त्याच्याबरोबर म्हणावं, हा एकच उपाय. प्रत्येक घरात आरती तालात होते, फक्त एकमेकांची ऐकू येत नाही.

दोघांचं बोलणं वेगळं आणि समूहाचं वेगळं. दहा जणांनी एकमेकांशी थेट जोडायचं तर प्रत्येकाला नऊ जणांना पाठवावं लागेल, एकूण नव्वद प्रवाह. घरच्या इंटरनेटचा वरच्या दिशेचा वेग तेवढा नसतोच. पूर्वी मोठ्या कंपन्या यासाठी मध्ये एक महागडं यंत्र ठेवत. ते सगळ्यांची चित्रं उलगडून, एका चौकटीत मांडून, पुन्हा आवळून परत पाठवी. त्यात वेळ जाई आणि पैसाही. आजच्या प्रणाली मधल्या संगणकाला एवढं काम देत नाहीत. प्रत्येक जण आपलं चित्र एकदाच, पण दोन-तीन आकारांत पाठवतो. मधला संगणक न उलगडता ज्याला जे हवं ते पुढे ढकलतो. बोलणाऱ्याचं मोठं चित्र, बाकीच्यांची लहान. आवाजांतले जे दोन-तीन सर्वांत ठळक, तेच बहुधा पुढे जातात. हजार जणांची सभा आज साध्या मोबाइलवर चालते ती या साध्या युक्तीमुळे.

तिची एक किंमत आपण मोजतो. आपण मराठी माणसं ऐकताना गप्प नसतो. ‘हं’, ‘हो का’, ‘अगं बाई’, ‘बरोबर’ हे चालूच असतं, आणि बोलणाऱ्याला त्यानं जोर येतो. पडद्यावर हे हुंकार सर्वांत आधी मरतात. ते लहान असतात, म्हणून ठळक आवाजांच्या निवडीत मागे पडतात. शिवाय स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज माईकमधून परत जाऊन घुमू नये म्हणून प्रत्येक यंत्र तो ओळखून वजा करत असतं. दोघं एकाच वेळी बोलले की या वजाबाकीत खरा आवाजही कापला जातो. मग सगळ्यांचे माईक बंद, आणि वक्ता भिंतीशी बोलल्यासारखा. दिवसभर पडद्यावर शिकवून शिक्षक का दमतात याचं एक मोठं कारण हे आहे. कानात इअरफोन घातले की घुमण्याचा प्रश्नच उरत नाही, वजाबाकीची गरज कमी होते आणि हुंकार थोडे तरी पोचतात.

मुंबईच्या उपनगरांचा या सगळ्याशी जवळचा संबंध आहे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. नकाशावर सरळ अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण लोकलनं जायचं तर दादरला उतरून पुन्हा वर यायचं. अशा शहरात दूरसभा ही चैन राहत नाही. पण बोरिवलीच्या भावानं मुलुंडच्या बहिणीशी केलेलं बोलणं कुठून जातं हे मधला संगणक कुठे आहे त्यावर ठरतं. तो सिंगापूरला असेल तर तो शब्द समुद्र ओलांडून जातो आणि परत येतो. नुसत्या प्रवासात ४० मिलिसेकंद गेले, १५० मधले. म्हणून अशी सेवाकेंद्रं मुंबईत असणं महत्त्वाचं ठरलं. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, झूमनंही मुंबई आणि हैदराबादला आपली केंद्रं ठेवली.

परदेशाशी बोलताना मात्र समुद्र टाळता येत नाही. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी बऱ्याच मुंबईत किनाऱ्याला लागतात, आणि त्यांतल्या कित्येक अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. वर्सोव्याचे कोळी जिथून होड्या काढतात त्याच पट्ट्यातून न्यू जर्सीच्या नातवंडांचा चेहरा आत येतो. केबली तुटतात त्या बहुतांशी मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस मंदावलं. अशा वेळी वाहतूक दुसऱ्या बाजूनं, पॅसिफिकमार्गे वळवतात. पत्र पोचतं, चित्रपट दिसतो. संभाषणाला मात्र तो वळसा लगेच बाधतो. इतक्या केबली एकाच शहराच्या छोट्याशा किनाऱ्यावर एकवटणं धोक्याचं आहे, आणि त्या राज्याच्या किनाऱ्यावर पसरायला हव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्र इतकं सुधारलं, तरी पडद्यावरची हजेरी खरी मानायची का, हा प्रश्न मुंबईच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई हा तो खटला. शस्त्रक्रियेतल्या कथित निष्काळजीपणाबद्दलच्या त्या फौजदारी प्रकरणात न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातले डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग यांची साक्ष हवी होती, आणि ते भारतात यायला तयार नव्हते. मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं साक्ष घ्यायला परवानगी दिली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली; कायद्याप्रमाणे पुरावा आरोपीच्या उपस्थितीत नोंदवावा लागतो, आणि पडद्यावरची उपस्थिती ती नव्हे. १ एप्रिल २००३ ला न्या. वरियावा आणि न्या. अगरवाल यांच्या खंडपीठानं हा निर्णय फिरवला. साक्षीदाराला पाहता येतं, ऐकता येतं, उलटतपासणी घेता येते, तर उपस्थितीचा हेतू पुरा होतो. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या डॉक्टरांना फौजदारी आरोपातून मुक्त केलं. पण २००३ चा निकाल व्हिडिओ साक्षीचा पाया म्हणून टिकला.

त्या निकालातली एक अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. साक्षीदाराच्या खोलीत एक जबाबदार अधिकारी प्रत्यक्ष हजर हवा, भारतातून पाठवलेला किंवा तिथल्या वकिलातीतला. खोलीत दुसरं कुणी नाही ना, साक्षीदाराला कुणी पढवत नाही ना, हे त्यानं पाहायचं. कॅमेऱ्याची चौकट जेवढं दाखवते त्यापलीकडे खोली असते, आणि तिचा साक्षीदार माणूसच असू शकतो. न्यायालयानं हे त्या काळी ओळखलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच वाटेनं डेव्हिड हेडलीची साक्ष झाली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या कटातला हा माणूस अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगत होता. मुंबईच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश जी. ए. सानप आणि विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम सकाळी सातच्या सुमाराला कामकाज सुरू करत, कारण तिकडे संध्याकाळ असे. एक दिवस तांत्रिक बिघाडामुळे साक्ष होऊच शकली नाही. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या साक्षींपैकी एक लाइनसाठी खोळंबली, आणि न्यायालयानं ती घाईनं उरकली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली. हेही योग्यच झालं. तुटक आवाजातली साक्ष नोंदवण्यापेक्षा थांबणं बरं.

मग २०२० आलं, आणि त्याबरोबर करोनाची टाळेबंदी. ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या न्यायालयांना पडद्यावरून कामकाज चालवण्याचे निर्देश दिले. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला सभांमध्ये एक कोटीच्या आसपास हजेऱ्या लागत, एप्रिलमध्ये तो आकडा तीस कोटींवर गेला. १६ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयानं हा मंच सुरक्षित नसल्याची सूचना काढली आणि प्रवेशाला पासवर्ड लावा, ‘वेटिंग रूम’ ठेवा, असं सांगितलं. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत एका मोबाइलवर दोन भावंडांची शाळा आणि बापाचं काम चालू होतं. पडद्यावरचं शिक्षण हरलं ते तिथे. पवईला ज्यांची तयारी आधी करून घेतली जायची त्या समन्वयकांसारखं त्या खोलीत मुलाच्या बाजूला बसणारं कुणी नव्हतं. यंत्रणा पवईपेक्षा कितीतरी सुधारलेली होती आणि शिकणं कितीतरी कमी झालं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं खटल्याचं जवळजवळ सगळं कामकाज इलेक्ट्रॉनिक मार्गानं चालवण्याची मुभा दिली आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सभा, शाळांच्या पालकसभा, तालुक्याच्या आढावा बैठका तर पडद्यावर रुळल्याच आहेत. या सगळीकडे खरेदीच्या यादीत कॅमेरा, मोठा पडदा आणि महागडी लाइन असते. पलीकडच्या टोकाला बसणारा, माईक तपासणारा, मागच्या रांगेतल्या आजोबांचा प्रश्न पुढे पोचवणारा माणूस नसतो. ती खरेदी अर्धीच आहे. शाळांनी, न्यायालयांनी आणि सरकारी खात्यांनी त्या माणसाचं प्रशिक्षण आणि मानधन खर्चात आधी धरावं, मग पडद्याचा आकार ठरवावा. आणि तुमच्या सोसायटीची पुढची सभा पडद्यावर असेल, तर एवढं करा: चर्चेत पाळी देण्याचं काम कुणा एकाला सोपवा, प्रश्न विचारल्यावर दोन सेकंद थांबा, आणि जो सभासद ‘आवाज तुटतोय’ म्हणतो त्याला साध्या फोनवरून जोडून घेतल्याशिवाय ठराव मताला टाकू नका.